पहिली मोटारसायकल आणि पाठीमागचे बुणगे

दसऱ्याच्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात जो देखावा दिसतो, तो आमच्या वाचकांस नवा नाही. नवी कोरी मोटारसायकल उभी आहे, तिच्या हँडलला झेंडूची माळ गुंडाळलेली आहे, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक आहे, चाकाखाली लिंबू ठेवले आहे आणि नारळ फुटण्याची वाट पाहत घरातील सारी मंडळी हात जोडून उभी आहेत. नारळ फुटतो, लिंबू चिरडले जाते, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा चिरंजीव माळेसकट, बोडक्या डोक्याने, मागे धाकट्या भावाला घेऊन हमरस्त्याला लागतो. ती माळ हँडल वळवताना गाठीला अडकते, हे त्याच्या ध्यानी यावयास पहिले वळण पुरते. पूजेविषयी आमची तक्रार नाही. आयुधांची पूजा ही आपली जुनी चाल आहे. परंतु ज्या आयुधाची पूजा करावयाची त्याचे वजन, धार आणि मूठ आपल्याला पेलते की नाही, हे पाहण्याचीही चाल होती. तिचा मात्र आम्हांस विसर पडला आहे.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते धारहून आलेल्या एका पत्राचे. पत्र लिहिणारे गृहस्थ आमचे जुने वर्गणीदार. घराणे मूळचे गोमंतकीय सारस्वत, कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा बक्षींसारखे केरकर सरदार उत्तरेत गेले, त्या ओघात जी घराणी माळव्यात उतरली आणि तेथलीच झाली, त्यांपैकी हे एक. घरात मराठी, देव्हाऱ्यापाशी क्वचित कोकणी, बाजारात माळवी. मुलाला पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आहे आणि त्याला पहिली मोटारसायकल घ्यावयाची आहे. त्याने पसंत केली आहे ती साडेतीनशे सीसीची, आणि तिला दोन्ही बाजूंस दोन व पाठीमागे एक अशा ॲल्युमिनियमच्या तीन पेट्या बसवून घेण्याचा त्याचा हट्ट आहे. पहिली फेरी शेजारच्या मित्रांसमवेत मोहनखेड्याला, दुसरी मांडवगडास, आणि पावसाळा संपला की आईला मागे बसवून थेट कवळ्यास कुलदेवतेच्या दर्शनाला! वडील विचारतात : नाही म्हणावे तर देवीच्या दर्शनाला नाही म्हटल्यासारखे होते; हो म्हणावे तर रात्री झोप येत नाही. काय करावे?

वडिलांचा हा पेच खोटा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर आम्ही खाजगी पत्राने न देता येथे देत आहोत; कारण हा पेच आज घरोघर आहे, आणि देवाचे नाव पुढे करून तो सोडवण्याची युक्तीही घरोघर आहे.

मोटारसायकल घेऊच नये असे म्हणणारी जी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात आम्ही फार जागा दवडणार नाही. पाळीच्या नोकरीला जाणाऱ्या मुलास रात्री अकराला कारखान्यातून सुटल्यावर घरी आणणारी बस नसते, हे एकच उत्तर त्यांना पुरे आहे. शिवाय धार जिल्ह्यात बसून दुचाकीला विरोध करणे म्हणजे नर्मदाकाठी बसून पाण्याला विरोध करणे होय. कायनेटिक होंडाच्या स्कूटर ह्याच पीथमपुरात होत असत. म्हैसूरला १९६० नंतर तयार होऊ लागलेली आणि १९९६ साली तेथला कारखाना बंद झाल्यावर आठवणीत गेलेली जावा २०१८ साली पुन्हा बाजारात आली, ती ह्याच पीथमपुरातून. ज्या गावची पोरे ह्या गाड्यांचे नटबोल्ट आवळतात, त्या गावच्या पोरांना त्यांचा मोह होऊ नये अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आमचा वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशी. हा पक्ष म्हणतो, 'घ्यावयाचीच तर एकदाच मोठी घ्या. लहान गाडी दोन वर्षांत नकोशी होते, विकताना पैसे जातात. मोठी गाडी रस्त्यावर ठाम बसते.' हे ऐकावयास शहाणपणाचे वाटते, आणि तेथेच त्यातील धोका आहे. बाजारात सर्वांत अधिक दिसणारी शंभर सीसीची स्प्लेंडर पेट्रोलसह ११२ किलो भरते. साडेतीनशे सीसीची क्लासिक १९५ किलो. ह्या दोहोंतला ८३ किलोंचा फरक धावताना जाणवत नाही. तो जाणवतो तो थांबताना. नवशिका मनुष्य ताशी साठच्या वेगाने क्वचित पडतो. तो पडतो देवळाच्या आवारात, खडीवर, हँडल पूर्ण वळवून गाडी फिरवताना, एका पायाखालची जमीन चार बोटे खोल निघाली म्हणून. ११२ किलोंची गाडी कलली तर मांडीने सावरता येते. १९५ किलोंची एकदा ठराविक कोनापलीकडे गेली की ती सावरण्याचा प्रयत्न करणाऱ्याचा गुडघा जातो. गुडघा वाचला तर धीर जातो, आणि धीर गेलेला चालक हमरस्त्यावर पुढचा ब्रेक दाबावयास कचरतो. पुढच्या ब्रेकवरच थांबण्याचा मुख्य भार असतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसतेच. पिढ्यान्‌पिढ्या आपण 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील' हाच उपदेश करीत आलो आहोत.

गाडी निवडताना मुलाने काय पाहावे? छायाचित्र पाहू नये, एवढे तर खरेच. आसनावर बसून दोन्ही पावले टाचेसह जमिनीला टेकतात की नाही ते पाहावे. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकलून पाहावी. जी ढकलवत नाही ती चालवणे पुढची गोष्ट. मुख्य आधारावर चढवून पाहावी. गावात तिचे सुटे भाग कोणत्या दुकानी मिळतात आणि कोणता मिस्त्री तिला हात लावतो, ते विचारावे. आणि शक्य असेल तर पहिली गाडी जुनी घ्यावी, म्हणजे पहिले ओरखडे कमी रडवतात. विकताना पैसे जातात हे खरे. पण ती शिकवणीची फी आहे, आणि संगीताच्या शिकवणीला आपण ती मुकाट्याने देतोच.

ह्या ठिकाणी विरुद्ध पक्षाच्या दोन मुद्द्यांना आम्हांस मान द्यावा लागेल. हलकी गाडी हमरस्त्यावर ट्रकच्या वाऱ्याने हेलकावते, हे खरे आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच की पहिल्या वर्षी त्या हमरस्त्यावर जाऊच नये. धारहून पीथमपुरास नोकरीपुरते जावे, सावकाश आणि उजेडी. दुसरा मुद्दा अधिक बळकट आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील गाड्यांना चाक जाम न होऊ देणारी ब्रेकव्यवस्था, म्हणजे एबीएस, सक्तीची झाली. त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची साधी योजना असली तरी चालेल असे ठरले. म्हणजे सर्वांत हलकी गाडी घ्यावी तर सर्वांत चांगला ब्रेक हातचा जाण्याचा संभव! येथे आमची पंचाईत होते हे आम्ही लपवीत नाही. दीडशे सीसीच्या आसपासची, दीडशे किलोंच्या आतली, एबीएस असलेली गाडी कोणी निवडली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. किंबहुना पत्रलेखकांच्या चिरंजीवांस आम्ही तीच सुचवू. साडेतीनशेची मात्र नव्हे.

आता पेट्यांकडे वळू.

मोटारसायकलवर ओझे वाहण्याची विद्या ह्या देशात कोणी विलायतेहून आणलेली नाही. ती आपल्या दूधवाल्यांची आहे. माळव्यात काय किंवा कोल्हापुरास काय, पहाटे निघणाऱ्या दूधवाल्याची गाडी कोणीही निरखून पाहावी. दोन्ही बाजूंच्या किटल्या सारख्या भरलेल्या असतात, त्या मागच्या चाकाच्या आसाच्या जवळ, शक्य तितक्या खाली टांगलेल्या असतात, आणि मागे माणूस बसलेला नसतो. एका बाजूचे दूध एका वाड्यावर रिकामे झाले, की तो दुसऱ्या बाजूचे काही ओतून तोल पुन्हा सांभाळतो. गोव्यात जे मोटारसायकल पायलट आहेत, पिवळ्या मडगार्डाचे, ज्यांच्या मागे बसून आमच्या कित्येक वाचकांनी म्हापशाची नाहीतर मडगावची बाजारपेठ गाठली असेल, त्यांचीही रीत हीच. उतारूची पिशवी ते मागे लोंबू देत नाहीत. 'सामान फाटल्यान नाका, हांगा मुखार दवर,' असे म्हणून ती आपल्या पुढ्यात, टाकीवर घेतात. शास्त्र एकच : ओझे जितके खाली आणि जितके दोन चाकांच्या मधोमध, तितका तोल निर्धास्त.

आणि आमच्या चिरंजीवांस हवी असलेली तिसरी पेटी कोठे आहे? आसनाच्याही वर आणि मागच्या आसाच्याही मागे! तेथे ठेवलेला प्रत्येक किलो मागचे चाक दाबतो आणि पुढचे उचलतो. पुढचे चाक हलके झाले की हँडल हातात पोकळ लागते, वेगात ते थरथरू लागते, आणि घाबरलेला चालक त्याला घट्ट धरून ती थरथर वाढवतो. दिव्याचा झोत वर जातो, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. मागच्या टायरची हवा वाढवावी लागते, मागच्या स्प्रिंगचा ताण आवळावा लागतो. पेटी विकणारा हे सांगत नाही. रिकाम्या तीन पेट्या आणि त्यांचा लोखंडी सांगाडा मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात. म्हणजे कपड्याचा एक जोड भरण्यापूर्वीच एक पोते गाडीवर चढले. लहान गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत चालक, सोबती आणि सामान मिळून जी मर्यादा छापलेली असते ती बहुधा सव्वाशे-दीडशे किलोंच्या आसपास असते. मुलगा सत्तर किलोंचा आणि आई साठ किलोंची धरली, तर प्रसादाच्या नारळाला जागा उरली की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. मोठ्या गाडीची मर्यादा मोठी असते, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु प्रश्न गाडीला किती पेलते हा नव्हे. ज्याला परवाना मिळून चार महिने झाले आहेत त्याच्या मनगटाला किती पेलते, हा आहे.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने दुचाकीवरील पेटीची मापे ठरवून दिली : लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर, त्यापेक्षा अधिक नाही. पेटी सोबत्याच्या जागेवर बसवली तर सोबती बसवता येत नाही. आणि त्याच नियमांतील १२३ व्या कलमान्वये मागच्या सोबत्यास धरावयास मूठ, पाय ठेवावयास आधार आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारी जाळी असलीच पाहिजे. ह्या जाळीला सारा देश 'साडीगार्ड' म्हणतो. आमच्या संतापाचे खरे कारण ही जाळी आहे. बाजूच्या पेट्यांचा सांगाडा बसवताना ती आड येते म्हणून सर्रास काढून टाकतात. पेटी नसली तरी काढतात, कारण म्हणे ती असली की गाडी 'घरगुती' दिसते! मग त्याच गाडीवर संकष्टीला आईला बसवून देवळात आणतात. आई नऊवारी वा पाचवारी नेसलेली, एका अंगाने बसलेली, एका हातात नैवेद्याचा डबा, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर, आणि पदर उघड्या चाकाशेजारी फडफडतो आहे. आरा फिरत असतात. पदर चाकात गेला म्हणजे काय होते, ते आम्ही येथे वर्णन करणार नाही. ज्या घरांत ते घडले आहे ती घरे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. बाजूच्या पेट्या बसवल्या की एका अंगाने बसताही येत नाही. म्हणजे मुलाने पेटी घेतली तेव्हा आईला उतरवलेच आहे. फक्त तिला ते सांगितलेले नाही.

आम्ही स्वतः निर्दोष आहोत असा आव आणीत नाही. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागे बसण्याचा, आणि माटोळीसाठी सुपारीचे घोस, तोरिंगे व नारळ हँडलला दोहीकडे लटकावून घरी येण्याचा पराक्रम ह्या अंकाच्या जवळजवळ प्रत्येक संपादकाने केलेला आहे. त्यातल्या एकाचे घोस पुढच्या चाकात गेले आणि तो माटोळीसकट शेतात गेला. चिखल मऊ होता म्हणून आज तो हे मुद्रित तपासतो आहे. नंतर कित्येक वर्षे आम्ही ही गोष्ट विनोद म्हणून सांगत होतो. ती विनोदाची नव्हती.

पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या सैन्याला जे बुणगे भोवले, त्यांची कथा मराठी मुलाला पाळण्यात ऐकवतात. बायकामुले, यात्रेकरू, बाजारकरी असा सारा पसारा बरोबर घेऊन निघालेली फौज हवी तेव्हा हलू शकली नाही. त्या यात्रेकरूंना उत्तरेतील तीर्थे करावयाची होती आणि फौजेचे संरक्षण आयते मिळत होते. हेतू पवित्रच होता. त्याच माळव्यात पहिले बाजीराव शिरले होते ते हलक्या घोड्यांवर. हा दृष्टान्त मोटारसायकलीला लावला म्हणून इतिहासाचे पंडित आम्हांस हसतील, हसोत.

पण दृष्टान्त शोधावयास पानिपतापर्यंत जाण्याची गरज नाही. चिरंजीवांची पहिली फेरी ज्या मोहनखेड्याला जावयाची आहे, तेथेच तो उभा आहे. धार जिल्ह्यातील राजगढजवळचे हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ. सात खंडांच्या 'अभिधान राजेंद्र' ह्या प्राकृत कोशाचे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली राजगढ येथे कालवश झाले; त्यांची समाधी मोहनखेड्यास आहे. आमचे वाचक विष्णु-शिव-देवीच्या देवळांचे, तरी माळव्यातील मराठी घरे शेजारधर्माने तेथे हात जोडतात, ह्यात नवल नाही. आता तेथे येणारे साधू-साध्वी पाहा. ते कोणत्याही वाहनात बसत नाहीत. अनवाणी चालतात. पात्रे, वस्त्रे, रजोहरण, काही पोथ्या, एवढा संसार आणि तोही स्वतःच्या खांद्यावर. जे उचलवत नाही ते त्यांचे नाही. आम्ही कोणास साधू व्हा म्हणत नाही. एवढेच म्हणतो की जे पायी येतात त्यांच्याच रस्त्याने आमचा हा चिरंजीव दोन्हीकडे हातभर पुढे आलेल्या पेट्या घेऊन जाणार आहे. इंदूर-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात साधुसंघ चालत असतात, पौर्णिमेला पदयात्री चालतात. विहारात असलेल्या साधुसाध्वींना वाहनाने ठोकरल्याच्या बातम्या देशभरातून पुनःपुन्हा येतात. आपल्या हँडलपेक्षा आपली पेटी रुंद आहे, हे नव्या चालकाच्या ध्यानात राहत नाही. हँडल सुटले म्हणून तो मार्गाला कडेने जातो, आणि पेटीचा कोपरा माणसाला लागतो. तीर्थाला जाताना तीर्थयात्रीच पाडला, तर दर्शन कोणाचे घ्यावयाचे?

आता देवस्थानांच्या चालकांस दोन शब्द. २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांतील शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ मेले. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. हे मागे बसलेले कोण? आमच्या आया, बहिणी, बायका आणि धाकटी भावंडे. आपण वाहनपूजेची पावती फाडतो. त्या पावतीआधी एकच प्रश्न विचारावा : शिरस्त्राणे कोठे आहेत? दोन आहेत काय? गाडीबरोबर विक्रेत्याने शिरस्त्राण द्यावे असा दंडक नियमांतच आहे, आणि १ जून २०२१ पासून मानकमुद्रेवाचून ते विकताही येत नाही. शिरस्त्राणे आणली तर त्यांनाही हळदकुंकू लावावे. नसतील तर पुजाऱ्यांनी नारळ परत द्यावा. दक्षिणा बुडेल, अशी भीती एका विश्वस्तांनी आमच्याजवळ व्यक्त केली. बुडू द्यावी. पालखीपुढे झेंडे लावून, एकेका गाडीवर तिघे बसून, बोडक्याने जी मोटारसायकलींची फेरी हल्ली काढण्यात येते, तिलाही देवस्थानने आपले नाव देऊ नये. तिघांना बसवणे कायद्याने गुन्हा आहे आणि देवीने तशी काही आज्ञा केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

राहिली कवळ्याची यात्रा. पोर्तुगिजांच्या अमदानीत श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी तिला नेले ते जिवावर उदार होऊन. परंतु ते संकट होते, सहल नव्हती. धारहून कवळे हजार किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेत मानपुराखालचा गणपती घाट आहे, जेथे उतरणीवर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी इतकी माणसे मारली की अखेर नवा रस्ता काढावा लागला. अशा वाटेने चार महिन्यांच्या अनुभवावर साठीच्या आईला नेण्यात भक्ती कोणती, हे आम्हांस उमगत नाही. इंदूरहून मुंबईस रात्रीची गाडी आहे, आणि १९९८ पासून मुंबईहून मडगावपर्यंत कोकण रेल्वे आहे. पेटी बाकाखाली सरकवावी आणि खिडकीतून पाहावे. एक वर्ष पीथमपूरची ये-जा झाली, एक पावसाळा अंगावर गेला, की मुलाने हवे तर मित्रासह मोटारसायकलने जावे, तेही पेट्यांवाचून. कापडाच्या दोन पिशव्या आसनावरून दोहीकडे सारख्या वजनाच्या टाकाव्या, पट्ट्याची मोकळी टोके आत खोवून. पट्ट्याचे लोंबते टोक साखळीत जाते. जाळी काढू नये.

पत्रलेखकांस आम्ही आणखी एक विनंती केली आहे. मुलाच्या शिरस्त्राणाचे माप दुकानात होईल. आईचे माप घरी घ्यावे, भुवयांच्या वर बोटभर, फीत आडवी धरून. त्या वेळी अंबाडा मानेपाशी खाली बांधावा, नाहीतर शिरस्त्राण डोक्यावर नुसते टेकते आणि हनुवटीची पट्टी लागत नाही. गजरा देवळात पोहोचल्यावर माळावा. तोवर तो केळीच्या पानात गुंडाळून डब्यात राहील.